देवरुखची गोदूबाई : आनंदीबाई (बाया) कर्वे

थोर स्त्रियांची नावे घेण्याची वेळ आली की आपल्या तोंडी झाशीची राणी येते, अहिल्याबाई येतात, सावित्रीबाई फुले आणि पंडिता रमाबाई येतात. त्या सर्वांना वंदन असो. पण आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुखला जन्मलेली एक मुलगी, नवऱ्याचा चेहरा नीट पाहण्यापूर्वीच विधवा झालेली, पुढे साऱ्या महाराष्ट्रातील रूढीशी उभी राहून झगडली, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक असते? महर्षी अण्णासाहेब कर्वे सर्वांना माहीत आहेत. त्यांच्या फोटोला आपण हार घालतो. त्या फोटोत त्यांच्या शेजारी बसलेली बाई कोण, हे मात्र विचारायचे राहून जाते. म्हणून यंदाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत भगिनींपुढे बाया कर्वे यांचे चरित्र ठेवावे, असे मनात आले.

बायांचे माहेरचे नाव गोदावरी. घरात सगळे गोदूच म्हणत. देवरुखचे बाळकृष्ण केशव जोशी हे त्यांचे वडील. जन्म १८६५ च्या सुमाराचा. घरची स्थिती कोकणातल्या बहुतेक भिक्षुकी-शेतीच्या घरांसारखी बेताचीच. त्या काळच्या रीतीप्रमाणे गोदूचे लग्न आठव्या-नवव्या वर्षी उरकले आणि लग्नाला तीन महिने होतात न होतात तोच नवरा वारला. बाहुलीचे लग्न लावून पुन्हा खेळायला पळायचे ते वय. मंगळसूत्र म्हणजे काय ते कळण्याआधीच ते गळ्यातून गेले. रडणारी मोठी माणसे पाहून ती पोरही रडली असेल, पण आपले काय गेले हे तिला कळायला पुढे पुष्कळ वर्षे लागली.

पुढची दहा-बारा वर्षे सासरी कामात गेली. त्या काळच्या कोकणातील विधवेचा दिवस कसा असे, हे आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडून आपण ऐकलेलेच आहे. पहाटे उठून सडा, जाते, विहिरीचे पाणी, गोठा, भात कांडणे, सोवळ्यातला स्वयंपाक. आणि स्वतःच्या ताटात दोन वेळा पोटभर पडेलच अशी खात्री नाही. वयात आली की केशवपन, अंगावर आलवण, मंगलकार्यात माजघराच्या पलीकडे पाऊल टाकायचे नाही, सकाळी कुणी बाहेर निघाले असेल तर समोर यायचे नाही. घरातली सगळ्यांत कष्टाळू बाई तीच आणि सगळ्यांत अपशकुनीही तीच. कायदा १८५६ सालीच झाला होता. विधवेच्या पुनर्विवाहाला सरकारने मोकळीक दिली होती. पण त्याच कायद्यात असेही होते की, पुन्हा लग्न केले तर पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जाईल. आणि समाजाचा कायदा तर निराळाच होता. सरकारी कागदावर मोकळी असलेली वाट गावच्या वेशीवर बंद होती.

गोदूच्या दैवाने तिला भाऊ चांगला दिला होता. नरहरपंत जोशी शिक्षणासाठी मुंबईस राहत. धोंडो केशव कर्वे हे मुरुडचे विद्यार्थी तेथे त्यांचे स्नेही झाले. दोन्ही गरीब घरची मुले, दोघांनाही शिकवण्या करून शिकावे लागे, आणि दोघांच्याही मनात सुधारणेचे वारे भरलेले. नरहरपंतांनी बहिणीला देशावर नव्हे, मुंबईला नेण्याचे ठरवले. त्या दिवसांत कोकणातून मुंबईला जायचे म्हणजे समुद्राचा प्रवास. सोवळ्यातली तरुण विधवा गलबतात किंवा आगबोटीत बसून भावाकडे शिकायला जाते, ही गोष्टच गावात चर्चेला पुरेशी होती. कर्व्यांचे आणि जोश्यांचे बिऱ्हाड मुंबईत काही काळ एकत्रच होते. तेथे गोदूबाईंनी मोठ्या वयात अक्षरे गिरवायला घेतली. लहान मुलांबरोबर बसून बाराखडी म्हणताना मोठ्या बाईला काय वाटते, हे ज्यांनी आपल्या मंडळाच्या प्रौढ स्त्रियांना शिकवले असेल त्यांना सांगायला नको.

याच सुमारास पंडिता रमाबाई अमेरिकेहून परत आल्या होत्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ त्यांनी शारदासदन उघडले. उच्च जातींतील विधवांना राहण्याजेवण्याची सोय आणि शिक्षण मिळावे, असा हेतू होता. घर तयार, बाई तयार, पण विद्यार्थिनी कोठून येणार? विधवा मुलीला अशा घरी ठेवायला आईबाप धजेनात. अशा वेळी नरहरपंतांनी आपली बहीण तेथे नेऊन घातली. शारदासदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे आपली देवरुखची गोदूबाई. रमाबाईंनी तिला लिहायला-वाचायला शिकवलेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, विधवेलाही माणसासारखे नीटनेटके राहता येते, हसता येते, बागेत फुले असली तर ती तोडून केसांत माळता येतात, ही मोकळीक त्या घरात होती. रमाबाई स्वतः विधवा होत्या, आईबापांमागून रानोमाळ उपाशी फिरल्या होत्या. त्यांना कोणी दुःख समजावून सांगावे लागत नव्हते. १८९० च्या अखेरीस सदन पुण्याला हलले आणि गोदूबाईही पुण्यास आल्या.

येथे थोडे थांबून दूरच्या एका देशाकडे पाहणे बरे. शारदासदन निघाले १८८९ साली. त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १७८९ साली, फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. आपण शाळेत ती राजाची, तुरुंगाची आणि समतेच्या जाहीरनाम्याची गोष्ट म्हणून शिकतो. पण त्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या ५ तारखेला पॅरिसच्या बाजारातल्या कोळणी, भाजीवाल्या आणि कष्टकरी बायका पावाच्या महागाईने त्रासून, पावसात चिखल तुडवीत व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजाला राजधानीत घेऊन आल्या, हे फारसे कोणी सांगत नाही. जाहीरनामा निघाला, तो पुरुषांच्या हक्कांचा. तेव्हा ओलँप द गूज नावाच्या बाईने १७९१ साली स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. सुळावर जाण्याचा हक्क स्त्रीला आहे, तर मग सभेत बोलण्याचा का नाही, असा तिचा सरळ सवाल होता. ही बाईही तरुणपणीच विधवा झालेली होती, पण तिने पुन्हा लग्न न करता लेखणी हाती धरली. १७९३ सालच्या ऑक्टोबरात क्रांतिकारकांनीच स्त्रियांच्या सभा-संस्था बंद केल्या आणि ३ नोव्हेंबरला ओलँपचे डोके गिलोटिनखाली गेले. पुढे नेपोलियनने १८०४ मध्ये केलेल्या कायद्याने बायको नवऱ्याच्या आज्ञेत बांधली गेली. समतेची घोषणा केलेल्या त्या देशात स्त्रीला मताचा हक्क मिळायला १९४४ साल उजाडले. म्हणजे क्रांती झाली तरी ती माजघरात शिरेलच असे नाही. माजघरातली क्रांती बाईला निराळी करावी लागते. ती आपल्याकडे ज्यांनी केली, त्यांत गोदूबाईंचे नाव घेतले पाहिजे.

इकडे १८९१ साली कर्व्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. मागे रघुनाथ हा मुलगा राहिला. त्याच वर्षी कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. पस्तिशीच्या आतला, पगारदार, सुशील गृहस्थ. चालीप्रमाणे त्यांना दहा-बारा वर्षांची कुमारिका सांगून येऊ लागली. पण आपण पुन्हा लग्न केलेच तर विधवेशीच करू, असा त्यांचा निश्चय होता. विधवाविवाहावर व्याख्याने झोडणारे पुष्कळ होते. स्वतःवर प्रसंग आला की त्यांतले बरेचजण आईच्या आग्रहाचे कारण पुढे करीत. कर्व्यांनी तसे केले नाही. मित्राची बहीण त्यांच्या पाहण्यातली होती. तिचे वडील बाळकृष्णपंत यांच्याकडे विषय निघाला आणि त्या वृद्ध गृहस्थाने आडकाठी केली नाही. देवरुखसारख्या गावात राहणाऱ्या बापाने असे म्हणायला किती छाती लागली असेल, याचा विचार करावा. गोदूबाईंचा स्वतःचा होकार तर हवाच होता आणि तो त्यांनी दिला. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हे लग्न झाले. शारदासदन उघडले त्याच तारखेला, चार वर्षांनी. लग्नानंतर त्यांचे नाव आनंदी ठेवले. आनंदीबाई जोशी, आपल्याकडील पहिल्या स्त्री डॉक्टर, यांची आठवण त्या नावामागे होती. पण घरी आणि बाहेर सर्वजण त्यांना बाया म्हणत आणि तेच नाव राहिले.

लग्न पुण्यात झाले. त्याचे फळ मात्र मुरुडात भोगावे लागले. दापोली तालुक्यातले मुरुड म्हणजे कर्व्यांचे घर. तेथे आई लक्ष्मीबाई, थोरले बंधू भिकाजीपंत, बहीण अंबाताई. गावासाठी कर्व्यांनी तरुणपणापासून झीज सोसलेली, मुरुड फंड काढून गावाच्या सोयीसाठी पैसा जमवलेला. तेच कर्वे नव्या पत्नीला घेऊन गावी आले तेव्हा गावाने सभा भरवली आणि बहिष्काराचे ठराव केले. कर्व्यांबरोबर एका बैठकीवर कोणी बसायचे नाही, ते असतील त्या सभेत थांबायचे नाही, आणि त्यांना घरात घेतले तर घरच्या माणसांवरही बहिष्कार. आईच्या घरासमोर मुलगा आणि सून उभे, आणि आईला त्यांना ओसरीवर या म्हणता येत नाही! कोकणात वाळीत टाकणे म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. न्हावी, परीट, भटजी, कुळवाडी, सगळे एका दिवसात परके होतात. घरात मुंज-लग्न निघाले तर पंगतीला माणूस मिळत नाही. कर्व्यांनी घरच्यांच्या वाट्याला हे येऊ नये म्हणून मुकाट्याने दूर राहणे पत्करले. पुरुषाला निदान कॉलेज होते, मित्र होते. बायांना सासर मिळाले ते असे. पहिल्या सासरी त्या अपशकुनी होत्या आणि दुसऱ्या सासरी त्यांचा पायच घराला लागू द्यायचा नव्हता.

पण बायांच्या आयुष्यातली सर्वांत अवघड गोष्ट ही नव्हे. ती पुढेच आहे आणि चरित्रे लिहिणारे तिच्यावरून लवकर पुढे जातात. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची संस्था काढली. विधवांना शिकवून स्वतःच्या पायावर उभे करणे, हा तिचा उद्देश. १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले आणि माळावर एक झोपडी उभी राहिली. कर्वे कॉलेज सुटल्यावर चिखलपाण्यातून, पाठीवर आश्रमाचे सामान घेऊन, रोज पायी तेथे जात. हे सारे आपण वाचलेले असते. पण विधवांचे पालक त्या काळी म्हणत की, शिक्षण द्याल ते ठीक, पण आमच्या मुलींचे पुन्हा लग्न लावाल तर आम्ही त्या पाठवणार नाही. ही भीती घालवण्यासाठी कर्व्यांनी विधवाविवाहाच्या मंडळीतील आपले काम सोडले आणि आश्रमाचा पुनर्विवाहाशी संबंध नाही, असे जगाला दाखवून दिले. आणि त्यांच्या घरात तर पुनर्विवाह केलेली स्त्री नांदत होती! म्हणून ज्या संस्थेसाठी नवरा रक्त आटवीत होता, त्या संस्थेपासून बायांना अंतर राखून राहावे लागले. ज्या विधवांच्या दुःखाची जाण त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणाला नव्हती, त्या विधवांत मिसळायची मोकळीक त्यांनाच नव्हती. रूढीने टाकले ते समजू शकते. पण सुधारणेच्या घरातही त्यांना दाराशी थांबावे लागले. त्यांनी ते सोसले, परंतु गोड मानून घेतले असे नाही. पुढे त्या ते स्पष्ट बोलून दाखवीत.

या ठिकाणी त्यांच्या धाकट्या बहिणीची आठवण होते. पार्वतीबाई आठवले यादेखील देवरुखच्याच, १८७० साली जन्मलेल्या. ऐन विशीत पदरी मुलगा असताना त्या विधवा झाल्या. बाया त्यांना पुण्यास घेऊन आल्या आणि शिकवले. पार्वतीबाई पुढे आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. डोईवर पदर घेतलेली ही विधवा गावोगाव आश्रमासाठी वर्गणी मागत हिंडे आणि लोक तिला मानाने बसवून घेत, तिचे व्याख्यान ऐकत. १९१२ साली त्यांनी केशवपन सोडले तेव्हा मात्र टीका झाली. १९१८ साली त्या एकट्या अमेरिकेस गेल्या, इंग्रजी धड येत नसताना तेथे लोकांच्या घरी कामे करून राहिल्या आणि १९२० मध्ये परतल्या. एकाच आईच्या दोन विधवा मुली. एकीने लग्न नाकारले म्हणून समाजाने तिला व्यासपीठ दिले, दुसरीने लग्न केले म्हणून तिच्या हातचे पाणी नाकारले. पण दोघी बहिणींनी एकमेकींचा हात सोडला नाही. देवरुखच्या जोश्यांच्या त्या घराला आपण जिल्ह्याने खरोखर नमस्कार केला पाहिजे.

आता बायांच्या संसाराविषयी. कर्व्यांनी आपली शिल्लक आश्रमाला दिली, विम्याची पॉलिसीही दिली. देणारा महर्षी ठरतो. पण महिनाअखेर तांदळाचा डबा कोणाला उघडावा लागतो? शंकर, दिनकर आणि भास्कर ही बायांची मुले, शिवाय रघुनाथ. वाणी उधारी किती दिवस ठेवणार? बाया नवऱ्याशी भांडत. देवमाणसाशी संसार करायचा म्हणजे भांडण हे एकट्या बायकोच्याच वाट्याला येते. पण भांडून त्या बसून राहिल्या नाहीत. नागपूरला जाऊन त्या सुईणीचे काम शिकून आल्या. घरात परक्यांची मुले ठेवून घेतली आणि त्यांचे जेवणखाण, शिस्त, आजारपण सांभाळून चार पैसे उभे केले. पुढे संस्थेच्या कामासाठी वर्गणीची यादी घेऊन स्वतः दारोदार फिरल्या. सुशिक्षित घरांतल्या आम्ही बायका पावतीपुस्तक घेऊन दोन घरे गेलो की कंटाळतो. ज्या दारांत आपल्याला कधी काळी उभे केले नव्हते, त्या दारांत त्या गेल्या.

मुलांनी त्यांच्या कष्टाचे चीज केले. शंकरराव डॉक्टर होऊन पूर्व आफ्रिकेत गेले. दिनकरराव फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांच्या पत्नी इरावतीबाई जर्मनीत शिकून मोठ्या विदुषी झाल्या. भास्करराव आणि त्यांच्या पत्नी कावेरीबाई यांनी हिंगण्याच्या संस्थेला वाहून घेतले. रघुनाथरावांनी संततिनियमनाच्या प्रसारासाठी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ पासून अखेरपर्यंत चालवले, त्यापायी खटले आणि निंदा सोसली. म्हणजे बंडखोरीचा वारसा या घरात सावत्र-सख्खे पाहून उतरला नाही. इकडे झोपडीतल्या आश्रमातून १९०७ साली महिला विद्यालय आणि १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले. आज आपल्या मुली ज्या विद्यापीठाच्या पदव्या नावापुढे लावतात, त्याची पायरी घासली गेली ती अशा बायांच्या संसारावर.

१९४४ साली बायांनी ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र लोकांपुढे ठेवले. सूनबाई कावेरीबाईंनी ते सिद्ध केले. पुस्तकात कोठेही महर्षींची पत्नी म्हणून मिरवणे नाही. जे सोसले ते, जे पटले नाही ते, जेथे भांडण झाले ते, सगळे घरात निवडत-टिपत बसल्यासारखे सांगितले आहे. ज्या वर्षी फ्रान्सने आपल्या स्त्रियांना मताचा हक्क दिला, त्याच वर्षी देवरुखच्या एका बाईने आपले म्हणणे छापून काढले. १९५० च्या जानेवारीत आपले संविधान अमलात आले आणि येथील प्रत्येक सज्ञान स्त्रीला पुरुषाबरोबर मत मिळाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बाया गेल्या. मतदानाची पहिली निवडणूक त्यांना पाहता आली नाही. महर्षी १९५८ साली भारतरत्न झाले आणि १९६२ साली, वयाची शंभरी ओलांडून, गेले.

माझ्या लहानपणी आमच्या घरी चैत्रातले हळदीकुंकू असे. पन्हे आणि डाळ आत्या करी. कैऱ्या किसण्यापासून गौरीपुढची आरास मांडण्यापर्यंत सगळे तिच्याच हातचे. बायका येऊ लागल्या की ती मागच्या पडवीत जाऊन बसे. तिला कोणी जा म्हणत नसे. तिलाच ते ठाऊक होते. सगळ्या बायका गेल्यावर ती भांडी घासायला पुढे येई. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही, आणि ते वाटले नाही याचीच आज लाज वाटते. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या चाली बंद करण्याचा ठराव केला आणि त्यामागोमाग राज्य सरकारनेही इतर गावांना तसे करण्याविषयी परिपत्रक काढले. ठराव करावा लागला, यावरूनच चाल अजून जिवंत होती हे दिसते. मुरुडच्या गावसभेनेही एके काळी ठरावच केला होता. ठराव दोन्ही बाजूंनी करता येतो. आपण कोणत्या बाजूला हात वर करतो, एवढाच प्रश्न असतो.

म्हणून बायांचे चरित्र वाचून झाले की आपण मंडळाच्या भगिनींनी एक लहान गोष्ट करावी, अशी माझी नम्र विनंती आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची निमंत्रणे लिहायला बसू, तेव्हा आपल्या आळीतली यादी नीट पाहावी. कोणाचे नाव आपल्या हातून सवयीने सुटते ते पाहावे. त्या घरी चिठ्ठी न पाठवता दोघींनी स्वतः जावे, आणि त्या बाईंना मागच्या पडवीतून पुढच्या चटईवर आणून बसवावे.